अजून थोडं ग्रीस

मुलुंड असो नाहीतर बोरिवली, सोसायटीच्या पंपाचं बेअरिंग तापलं की पहिला प्रश्न ‘का तापलं?’ हा कधीच नसतो. ‘मागच्या वेळचं बिल कुणी पास केलं?’ हा असतो. दुसरा प्रश्न ‘आज वर पाणी चढणार का?’ आणि तिसरा विचारायची वेळ येईपर्यंत मिस्त्री ग्रीसचा डबा घेऊन जिन्याखालच्या पंपरूममध्ये वाकून शिरलेला असतो. मोटरला काय होतंय हे त्याने विचारलेलं नसतं. विचारायची गरजही नसते. उपनगरातल्या यंत्रवैद्यकात एकूण तीनच औषधं आहेत : ग्रीस मारणे, हातोडा मारणे आणि पट्टा ताणणे. मोटरच्या पाठीवर थाप मारून ‘अब टेन्शन नहीं’ म्हणणे हे चौथं. पण त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.

माझी सगळी नोकरी अंधेरीला, मरोळच्या एमआयडीसीत, एका मध्यम कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झाली. मेंटेनन्स हे असं खातं की सगळं सुरळीत चाललं तर ‘यांना पगार कशाचा देतो आपण?’ आणि मशीन बंद पडलं तर ‘यांना पगार कशाचा देतो आपण?’ तिथे एक गोष्ट मात्र ध्यानात आली. बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकात बेअरिंग तापण्याची कारणं छापतात. ती यादी आणि आपल्या मिस्त्रीची औषधांची यादी शेजारीशेजारी ठेवून पाहा. पुस्तक म्हणतं, ग्रीस जास्त झालं, बसवताना ठोकलं, पट्टा अति ताणला. दोन्ही याद्या एकच आहेत. एकीवर ‘कारणे’ असा मथळा आहे आणि दुसरीवर ‘मजुरी’. उपाशी मेलेली बेअरिंगंही मी पाहिली आहेत, नाही असं नाही. पण सोसायट्यांमधली बहुतेक बेअरिंगं लाडाने गेलेली असतात.

बेअरिंगची रचना तशी गरीब आहे. एक आतली रिंग, एक बाहेरची, मध्ये पोलादी गोळ्या आणि गोळ्यांनी एकमेकींना धक्के देऊ नयेत म्हणून एक पिंजरा. सोसायटीच्या पंपाची मोटर मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेते, म्हणजे तासाला पावणेदोन लाखांच्या आसपास. एवढ्या धावपळीत गोळीने रिंगेला थेट शिवायचं नसतं. दोघींच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि तो एका मायक्रॉनच्या आगेमागे जाड असतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरातला. थोडक्यात, सात मजल्यांच्या आंघोळी केसाच्या सत्तराव्या हिश्श्यावर चाललेल्या असतात. हे मी आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सांगितलं तेव्हा खजिनदारांनी विचारलं, ‘मग एवढ्याशा तेलासाठी पाव किलो ग्रीसचं बिल कसं?’ खजिनदारांना यंत्रातलं काही कळत नाही. पण त्या सभेतला सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच होता, आणि तो इतिवृत्तात आला नाही.

ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम तेलाचं. साबणाचं काम ते जरुरीपुरतं सोडत राहण्याचं. बेअरिंगच्या आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, एवढं ग्रीस पुरतं. बाकीची जागा रिकामी ठेवायची असते. इथेच सगळं अडतं. कारण रिकामी जागा ही कल्पनाच उपनगरातल्या माणसाला सोसत नाही. मोकळी जागा दिसली की आपण तिथे माळा काढतो, बाल्कनी आत घेतो, जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट ठेवतो. तिथे बेअरिंगमधली निम्मी जागा मोकळी सोडायची म्हणजे एफएसआय फुकट घालवणं. मिस्त्री ग्रीसगन निपलला लावतो आणि दुसऱ्या बाजूने पिवळी वळी बाहेर येईपर्यंत दाबत राहतो. वळी आली की दारात उभे असलेले सभासद समाधानाने माना डोलावतात. पैसे दिसले पाहिजेत.

पुढे काय होतं ते कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. दोन किलो चक्का साखर घालून ज्यांनी हाताने घोटला आहे त्यांना खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं ठाऊक आहे. गच्च भरलेल्या बेअरिंगमधल्या गोळ्या तेच करत असतात; त्यांना श्रीखंड मिळत नाही एवढाच फरक. घोटण्याने उष्णता होते. उष्णतेने तेल साबणाला सोडून वाहून जातं. मागे उरतो तो काळा, कोरडा, करपलेला साबण. सत्तर अंशांच्या वर गेलं की दर पंधरा अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, असा कंपन्यांचा ठोकताळा आहे. ८५ ला निम्मं, १०० ला पाव. मग बेअरिंग कुरकुरायला लागतं. पहिल्या मजल्यावरच्या आजींना रात्री झोप लागत नाही. मिस्त्री येतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, ‘देखो साब, ग्रीस सूख गया है.’ आणि तो अक्षरशः खरं बोलत असतो. त्याच्या खरेपणावर उपाय म्हणून आणखी पाव किलो ग्रीस भरलं जातं.

याहून मौज सीलबंद बेअरिंगची. नंबरापुढे ‘झेड झेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या, ‘टू आर एस’ असेल तर रबराचं सील. ग्रीस कारखान्यातच मोजून भरलेलं, ते बेअरिंगच्या आयुष्यभर पुरावं अशा हिशेबाने. वरून काही घालायचं नाही, घालायला भोकच नाही. लहान मोटरींत बहुधा हीच असतात. तरी मिस्त्री दोन बोटांवर ग्रीस घेऊन त्या बंद दारावर लेप देतोच. त्यातला एक कणही आत जात नाही. तो बाहेर बसून पंपरूममधली धूळ, सिमेंटची भुकटी आणि एखादा हुतात्मा डास गोळा करतो. मी हे एका सेक्रेटरींना समजावलं. ते म्हणाले, ‘बरोबर आहे हो तुमचं. पण लावलेलं बरं ना?’ या प्रश्नाला कुठल्याही तांत्रिक पुस्तकात उत्तर नाही.

शिवाय तो डबा. झाकण नसलेला. मिस्त्रीच्या पिशवीत तो टेस्टर, इन्सुलेशन टेप, खिळे आणि अर्धी भाजीपोळी यांच्या संगतीत राहतो. बाहेरच्या धुळीपासून वाचवायला बेअरिंगला सील लावतात, आणि आपण ती धूळ ग्रीसमध्ये कालवून ग्रीसगनने, दाबाखाली आत पोचवतो. रंगाबद्दलही समजुती आहेत. पिवळं साधं, निळं पाण्यासाठी, लाल ‘हेवी’. वास्तविक ग्रीसचा रंग हा नुसता रंग असतो. आत साबण लिथियमचा आहे, कॅल्शियमचा आहे की मामला पॉलियुरियाचा आहे, हे रंगावरून कळत नाही. लिथियमवर पॉलियुरिया भरलं की बहुतेक वेळा दोघांचं जमत नाही आणि मिश्रण पातळ होऊन वाहतं. पण मिस्त्री म्हणतो, ‘मिक्स मारा है, डबल ताकद.’

आता तापलं म्हणजे किती तापलं? उपनगरात याचं माप म्हणजे सेक्रेटरींचा उजवा तळहात. ते मोटरवर हात ठेवतात, ‘आई गं!’ करून मागे घेतात आणि पंप बंद करण्याचा हुकूम सोडतात. साठ अंशांचं लोखंड माणसाच्या हाताला एखाद-दोन सेकंदांपलीकडे सोसवत नाही, हे खरं. पण बेअरिंगला साठ अंश म्हणजे रोजचं जगणं. मे महिन्यात खिडकी नसलेल्या पंपरूममध्ये हवाच चाळिशीला टेकलेली असते. तिच्यावर वीस-पंचवीस अंश चढणं हा चालत्या मोटरचा हक्क आहे. त्यात आणखी एक गोम अशी की नवं ग्रीस भरल्यावर पहिले काही तास बेअरिंग उलट जास्त तापतं. ग्रीस पसरून बाजूला बसलं की उतरतं. आणि सभासद तपासायला येतात ते नेमके त्याच काही तासांत. ‘आत्ताच दुरुस्त केलं ना? मग हे काय?’ मिस्त्रीला फोन जातो. मिस्त्री काय करतो ते आपण जाणताच.

२०२० साली प्रत्येक सोसायटीने फाटकावर एक तापमापक बंदूक घेतली होती. नंतर ती ऑफिसच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांखाली गेली. आमच्या शेजारच्या सोसायटीत एका उत्साही तरुण सभासदाने ती पंपाच्या बेअरिंगवर रोखली. ती बिचारी कपाळासाठी बनलेली. ४२-४३ अंशांच्या पुढचं जग तिला ठाऊक नाही. तिने लाल दिवा लावला, शीळ घातली आणि पडद्यावर ‘हाय’ अशी अक्षरं दाखवली. फोटो ग्रुपवर गेला. मोटरला चौदा दिवस वेगळं ठेवायचं का, असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. प्रश्नापुढे हसऱ्या चेहऱ्याची खूण नव्हती. कारखान्यात वापरतात ती बंदूक वेगळी, शेकडो अंशांपर्यंत मोजणारी. पण तीही एका दिवसात काही सांगत नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळी मोजायचं आणि लिहून ठेवायचं. परवा ५८, काल ५९, आज ७१ असं झालं, तर काहीतरी बिघडलं. सोसायटीत वह्यांचा तोटा नसतो : पाहुण्यांची वही, पार्किंगची वही, टाकी धुतल्याची वही, हॉलच्या भाड्याची वही. पंपाची वही मी अजून कुठे पाहिलेली नाही.

ग्रीस हरलं की हातोडा येतो. म्हणजे बेअरिंग बदलायचं ठरतं. पैसे वाचावेत म्हणून खजिनदार स्वतः मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातात. हातगाड्या, पाट्या आणि ‘जरा बाजू’ यांच्यामधून वाट काढत दुकान गाठायचं आणि नंबर सांगायचा : ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की शाफ्टची जाडी मिलीमीटरमध्ये येते. ०५ म्हणजे पंचवीस. एवढा सरळ हिशेब महापालिकेच्या पाणीबिलातसुद्धा नसतो. दुकानदार विचारतो, ‘सी-थ्री दूँ या सादा?’ खजिनदार विचारतात, ‘फरक काय?’ तो सांगतो, ‘सी-थ्री थोडा लूज आता है.’ झालं. नवीन माल, रोख पैसे, आणि ढिला? खजिनदार साधं घेऊन येतात.

हा ढिलेपणा मुद्दाम दिलेला असतो. मोटर चालली की आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा जास्त तापते आणि फुगते. गोळ्यांभोवतीची सैल जागा कमी होत जाते. ती संपली की गोळ्या चिमटतात, चिमटल्या की तापतात, तापलं की रिंग आणखी फुगते. म्हणून बऱ्याच मोटरींना सी-थ्रीच लागतं. सगळंच घट्ट हवं, ही आपली राष्ट्रीय आवड आहे. बरणीचं झाकण, नळाची चकती, मुलांचा अभ्यास. बेअरिंगला थोडं सैल सोडावं लागतं हे कुणाच्या गळी उतरत नाही.

मग ठोकाठोकी. शाफ्टवर बेअरिंग बसवताना जोर फक्त आतल्या रिंगेवर द्यायचा, त्यासाठी त्याच मापाच्या पाइपचा तुकडा पुरतो. मिस्त्रीकडे पाइपचे तुकडे चिक्कार असतात, तो प्लंबिंगही करतो. पण हात जातो हातोड्याकडे, आणि घाव बसतो बाहेरच्या रिंगेवर, कारण ती मोठी आणि सापडायला सोपी. तो घाव गोळ्यांमधून आतल्या रिंगेपर्यंत जातो आणि प्रत्येक गोळी आपल्या जागी एक बारीक खळगा पाडते. अशा खळग्यांना ब्रिनेल या स्वीडिश इंजिनियरचं नाव आहे. त्याने पोलादी गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजायची रीत १९०० साली मांडली. आपले मिस्त्री तोच प्रयोग दर महिन्याला, विनामूल्य करतात. कारखान्यात बेअरिंग इंडक्शन हीटरवर शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत गरम करतात; ते फुगतं आणि शाफ्टवर आपण होऊन सरकतं, हातोडा भिंतीवर टांगलेलाच राहतो. बसवण्याआधी तापवलेलं बेअरिंग नंतर थंड चालतं आणि थंड बेअरिंग ठोकून बसवलं की ते जन्मभर तापतं, हे पंपरूममध्ये सांगून पाहा. लोक सहानुभूतीने बघतात.

तिसऱ्या औषधाचं माहेर म्हणजे पिठाची चक्की. घाटकोपरला आमच्या मेहुण्यांच्या घराखाली एक आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे चकलीच्या भाजणीच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. एरवी दिवसात चार तास चालणारं जातं सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाही. पट्टा घसरतो, किंचाळतो. चक्कीवाला मोटर थोडी मागे ओढून पट्टा ताणतो, टिचकी मारतो, सूर मनासारखा लागला की पुढचा डबा घेतो. दोन पुलींमध्ये मीटरभर अंतर असेल तर ठरावीक जोराने दाबल्यावर पट्टा मध्यावर सोळा मिलीमीटरच्या आसपास दबला पाहिजे, असा नियम आहे. त्या पट्ट्यावर तुम्ही उभे राहिलात तरी तो एवढा दबला नसता. ही सगळी ओढ सोसायची कुणी? बेअरिंगने. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला की त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. चक्कीवाल्याच्या लेखी मात्र पट्टा गप्प झाला की रोग बरा झाला.

त्यात ते पीठ. मोटरवर पिठाची गादी साचते, पंख्याची जाळी बुजते, मोटरची उष्णता बाहेर पडायला वाट नाही म्हणून शाफ्टमधून बेअरिंगकडे येते. ग्रीस आणि पीठ यांचा संयोग होऊन जे तयार होतं ते तळलं तर कदाचित खाता येईल, पण वंगण म्हणून चालत नाही. शेवटी चक्कीवाल्याने बेअरिंगच्या घरावर ओलं फडकं ठेवलं. दिसायला दृश्य हृद्य होतं, तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसं. परंतु ओल्या फडक्याने गार होते ती बाहेरची रिंग. ती आकसते, आतली तापून फुगलेलीच, आणि मधल्या गोळ्यांची उरलीसुरली जागाही जाते. मी तोंड उघडणार, एवढ्यात मेहुण्यांनी दंड दाबला. भाजणी अजून दळायची होती.

रसवंतीवाल्यांचं बरं असतं. त्यांच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात. आतलं काय कुरकुरतंय ते गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही आणि मालकालाही.

यंत्राचे दोन शाफ्ट एका रेषेत नसणं हे आणखी एक कारण, आणि त्यात उपनगराच्या जमिनीचाही हात असतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनियर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती सरकायची. छताखालचे लांबच लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं तापून जायची. वैतागून त्याने गोळ्यांच्या दोन रांगांचं, शाफ्ट थोडा कलला तरी सावरून घेणारं बेअरिंग काढलं. साल १९०७. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आला. जमीन सरकली म्हणून एका माणसाने जगभर चालणारा उद्योग काढला. आपल्याकडे अंधेरीची लोखंडवाला वसाहत दलदलीवर भराव घालून उभी राहिली, खाडीच्या कडेने अशा कितीक इमारती आहेत. तिथे पंपाचं फाउंडेशन खचलं की आपण काय काढतो? बोल्टखाली सरकवायला पोस्टकार्डाची घडी. हल्ली पोस्टकार्ड मिळत नाही म्हणून लग्नपत्रिकेची. तिचा पुठ्ठा चांगला जाड असतो, हे मान्य केलं पाहिजे.

सगळ्यांत करुण कहाणी मात्र स्टँडबाय पंपाची. प्रत्येक सोसायटीत दोन पंप असतात. एक राबतो आणि दुसरा अडीनडीला म्हणून शेजारी बसून असतो. सभासदांना वाटतं, दुसरा नवाकोरा आहे, जपून ठेवलाय. पण राबणाऱ्या पंपाची थरथर जमिनीतून बसलेल्या पंपात जाते. त्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलेल्या, तिथल्या तिथे थरथरत. पापुद्रा निघून जातो आणि रिंगेवर गोळ्यांच्या अंतराअंतराने घासल्याचे डाग पडतात. मग पहिला पंप जळतो त्या दिवशी मोठ्या विश्वासाने दुसऱ्याचं बटण दाबतात आणि तो पहिल्याच तासात कोकलायला लागतो. ‘वापरलाच नाही हो कधी, तरी खराब!’ म्हणून सेक्रेटरी कपाळाला हात लावतात. वापरला नाही म्हणूनच खराब झाला. दोन्ही पंप आलटून पालटून चालवले, आठवडा याचा, आठवडा त्याचा, तर हा रोग होत नाही. औषधाला दमडी लागत नाही, त्यामुळे त्याचं कोटेशन येत नाही, आणि ज्याची तीन कोटेशनं आली नाहीत ते काम आपल्या समितीला मंजूर करता येत नाही.

मुलुंडच्या, बोरिवलीच्या नव्या टॉवरमधले लोक म्हणतील की आमच्याकडे हे जुने प्रकार नाहीत. त्यांच्याकडे नवे आहेत. तिथल्या पंपांना वेग कमीजास्त करणारं व्हीएफडी असतं. वीज वाचते, नळाला धार एकसारखी लागते, पण शाफ्टवर विजेचा दाब तयार होऊन तो कधीकधी बेअरिंगमधून जमीन गाठतो. प्रत्येक ठिणगीला एक सूक्ष्म खड्डा. खड्ड्यांच्या हळूहळू ओळी होतात, रिंगेवर आडव्या पट्ट्या उमटतात आणि मोटर घोगऱ्या आवाजात बोलू लागते. यावर शाफ्टला अर्थिंगचा ब्रश किंवा इन्सुलेटेड बेअरिंग हा इलाज आहे. टॉवरची फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनी इस्त्रीच्या गणवेशातला माणूस पाठवते. त्याच्या हातात टॅब असतो. दुसऱ्या हातात ग्रीसगन.

बेअरिंग तापणं ही गोष्ट ज्यांनी खरोखर मनावर घेतली ते म्हणजे रेल्वेवाले. त्यांच्याकडे याला ‘हॉट एक्सल’ म्हणतात. जुन्या काळी डब्याच्या आसाच्या पेटीत तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांवर वंगण चालायचं. बोळा सरकला, तेल आटलं की पेटी तापायची, धूर, मग जाळ, आणि शेवटी आसच तुटायचा. म्हणून गाडी स्टेशनातून न थांबता जाते तेव्हा रेल्वेचा माणूस झेंडा घेऊन उभा असतो. तो आपल्याला निरोप देत नसतो, चाकांकडे बघत असतो : कुठे धूर, कुठे जाळ, कुठे काही लोंबतंय का. रोलर बेअरिंग आल्यावर तो त्रास पुष्कळ कमी झाला, तरी तो माणूस उभाच आहे. आपल्या लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रो रिकामी होऊन ती सगळी लोकलच्या फलाटावर उतरते तेव्हा या व्याख्येत भर घालण्याचा प्रयत्न रोज होतो. एवढा भार घेऊन ती बेअरिंगं रोज कल्याणला जाऊन परत येतात. वेळापत्रकाने तपासणी होते, मोजून ग्रीस भरलं जातं, बसवताना कुणी हातोडा घेत नाही. आणि आपला पाच हॉर्सपॉवरचा पंप, दिवसातून दोनदा पाणी चढवणारा, वर्षातून तीनदा तापतो.

जाता जाता एक. दर पाच-सात वर्षांनी सोसायटीचं रंगकाम निघतं. रंगाऱ्याकडे शेवटी थोडा करडा ऑइलपेंट उरतो आणि तो उदार मनाने पंपरूम रंगवून देतो, मोटरसकट आणि मोटरवरच्या पाटीसकट. पुष्कळ मोटरींच्या पाटीवर दोन्ही टोकांच्या बेअरिंगांचे नंबर कोरलेले असतात. मोठ्या मोटरींवर तर ग्रीस कुठलं, किती ग्रॅम आणि किती तासांनी, हेही असतं. तेव्हा वाचकहो, पुढच्या सभेत पार्किंगचा विषय निघण्याच्या आत, म्हणजे सगळे शुद्धीवर असताना, एवढा ठराव मांडा की पाटीवरचा रंग पॉलिशपेपरने खरवडून काढावा. काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. आणि पुढच्या खेपेला मिस्त्रीने ग्रीसगन उचलली की त्याला एकच विचारा : किती ग्रॅम?